उपजेची तालीम

ख्यालाची बंदिश गुरू चार दिवसांत शिष्याच्या गळ्यावर चढवू शकतो. परंतु तीच बंदिश दर आवर्तनात नव्याने बढवीत, नेमका मुखडा पकडून समेवर येण्याची जी उपज, ती शिकवावी कशी, हा आपल्या संगीतशिक्षणातील जुना आणि बिकट प्रश्न आहे.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी (1849–1926) ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविली, त्या काळी ह्या प्रश्नाचे उत्तर सहवास हे होते. संस्थानिकांच्या आश्रयाने राहणाऱ्या गवयाच्या घरी शागीर्दाने वर्षानुवर्षे काढावीत, मैफलीत मागे बसून तानपुरा छेडावा, आणि गुरूने आलाप मध्येच सोडला की ती जागा आपल्या कुवतीप्रमाणे भरावी, असा दस्तूर होता. मिरजेच्या कारागिरांनी पंढरपूरकडच्या भोपळ्यांतून घडविलेल्या त्या वाद्याच्या चार तारा, जवारीचा धागा नेमका बसताच, अशा काही स्वयंभू स्वरांनी भरून येत की, त्यांच्या सान्निध्यात तासन्‌तास बसणाऱ्या मुलाचा कान नकळत घडे.

बुवांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, आणि ही विद्या गुरूचा उंबरठा ओलांडून वर्गात व स्वरलिपीत आली. पुढे पंडित भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांत बंदिशींसोबत स्वरविस्तारही छापला गेला. ह्या उपकारांचे मोल अपार आहे. तथापि छापील विस्तार पाठ झाला की तो उपज राहत नाही, आणि घरी परतलेल्या सामान्य विद्यार्थ्यापाशी बहुधा ना तानपुरा असे, ना ठेका धरणारा तबलजी.

ती उणीव यंत्राने भरली. 1970 नंतरच्या दशकात बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा सिद्ध केला, मागाहून ठेक्याची पेटी आली, आणि आज दोन्ही वाद्ये मोबाइलमध्ये सामावली आहेत. विलंबित एकतालाचा ठेका लावून, केवळ सा, रे, ग एवढ्याच स्वरांत पाच आवर्तने बढत कर, असे शिक्षकाने सांगितले, तर हा साथीदार शंभर वेळा चुकणाऱ्या मुलालाही कधी कंटाळत नाही.

मात्र तो ऐकतही नाही. आलाप मध्येच सोडून शिष्याकडे पाहणारा, त्याची धडपड ऐकून मान डोलविणारा किंवा हात वर करून थांबविणारा जो कोणी समोर बसलेला असतो, त्याची नेमणूक अद्याप यंत्राकडे गेलेली नाही. आणि षड्ज धरण्याच्या कामातून मोकळ्या झालेल्या शिक्षकाने ती अधिकच निष्ठेने सांभाळावी.