हिम हटविण्यासाठी छोटा ट्रॅक्टर निवडताना

अमेरिकेच्या ईशान्य भागात नोव्हेंबर अर्धा सरला की लोकांचे कान हवामानाच्या अंदाजाकडे लागतात. ईरी आणि ऑन्टारिओ या सरोवरांचे पाणी तेव्हा अजून पुरते गार झालेले नसते. त्यावरून उत्तरेकडील थंड वारे वाहू लागले की ते बाष्प उचलतात आणि किनारा ओलांडताच हिमाच्या रूपाने खाली टाकतात. या सरोवरी हिमाचा पट्टा अरुंद असतो. पण त्याखाली सापडलेल्या गावाची खैर नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोनजीकच्या ऑर्चर्ड पार्क येथे एकाच वादळात ६ फुटांहून अधिक हिम साचले होते.

शहरातील दोन मोटारींपुरत्या अंगणाची चिंता हाताने ढकलायच्या यंत्राने मिटते. प्रश्न उभा राहतो तो शहराबाहेर दोन-चार एकरांत घर घेणाऱ्यांचा. अशा घरापासून सार्वजनिक रस्त्यापर्यंतची वाट, म्हणजे ड्राइव्ह-वे, कधी कधी तीनशे फूट लांब असतो. रस्ता नगरपालिका मोकळा करते. वाट ज्याची त्याने करायची. घर तापविण्याचे तेल किंवा गॅस आणणारा टँकर आणि वेळप्रसंगी रुग्णवाहिका दारापर्यंत यावी असे वाटत असेल, तर ती वाट मोकळी हवीच.

हे काम किती मोठे आहे, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. तीनशे फूट लांब आणि बारा फूट रुंद वाटेवर एक फूट ताजे, कोरडे हिम पडले, तर त्याचे आकारमान सुमारे शंभर घनमीटर होते आणि वजन दहा टनांच्या घरात जाते. तेच हिम ओले असेल तर वजन दुप्पट-तिप्पट. एवढे ओझे फावड्याने उपसणे हा पन्नाशी ओलांडलेल्या माणसासाठी व्यायाम नव्हे, धोका आहे. गोठविणाऱ्या हवेत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि त्याच वेळी हृदयावर अचानक ताण येतो. अमेरिकन हार्ट असोसिएशन याविषयी सातत्याने सावध करीत आली आहे; आणि भारतीय उपखंडातील लोकांत हृदयविकाराचे प्रमाण मुळातच अधिक असल्याने ही सूचना आपण विशेष मनावर घ्यायला हवी.

मग ट्रॅक्टर कोणता? येथे गावाकडचा अनुभव थोडी दिशाभूल करतो. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टर म्हटले की चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीचा, मोठ्या मागच्या चाकांचा, दोन चाकांना जोर असलेला आणि क्लच दाबून गिअर बदलण्याचा ट्रॅक्टर उभा राहतो. नांगरणी आणि ट्रॉली ओढणे यांसाठी तो उत्तम. हिमात मात्र अश्वशक्तीपेक्षा तीन गोष्टी मोलाच्या ठरतात: चारही चाकांना मिळणारा जोर, पुरेसे वजन आणि हायड्रोस्टॅटिक प्रकारची गती. या तिसऱ्या गोष्टीचे महत्त्व प्रत्यक्ष काम केल्यावरच पटते. हिम हटविताना क्षणाक्षणाला पुढे-मागे जावे लागते. हायड्रोस्टॅटिकमध्ये पायाखालचा पेडल दाबला की ट्रॅक्टर पुढे किंवा मागे सरकतो, आणि इंजिनाचा वेग तसाच राहत असल्याने पीटीओवरील यंत्र पूर्ण जोराने फिरत असते. साध्या एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरवर क्लच दाबताच पीटीओही थांबतो आणि ब्लोअरच्या तोंडात हिम अडकून बसते. गिअरचा जुना ट्रॅक्टर स्वस्तात मिळत असेल, तर पीटीओचा क्लच स्वतंत्र आहे ना, हे आधी पाहावे.

अमेरिकी बाजारात पंचवीस अश्वशक्तीच्या आतील सब-कॉम्पॅक्ट आणि त्यावरील कॉम्पॅक्ट असे दोन वर्ग ढोबळमानाने मानतात. कुबोटाची बीएक्स मालिका आणि जॉन डिअरचा १०२५आर ही पहिल्या वर्गातील सर्वत्र दिसणारी नावे. अनेक मॉडेले पंचवीसच्या उंबरठ्याशीच थबकलेली दिसतात, त्याला कारण आहे. त्यावरील डिझेल इंजिनांना २०१३ पासून धुराचे अधिक कडक नियम लागू झाले आणि त्यांपैकी अनेकांत काजळी पकडणारी गाळणी आली. ही गाळणी अधूनमधून उच्च तापमानाला जाळून साफ व्हावी लागते. रोज अर्धा तास रेंगाळत चालणाऱ्या इंजिनात ते नीट होत नाही आणि मग दुरुस्तीचा फेरा मागे लागतो. तीनशे फुटांच्या सपाट वाटेला चोवीस अश्वशक्ती पुरेशी आहे. वाट हजार फुटांची किंवा चढाची असेल, अथवा उन्हाळ्यात गवत-लाकडाची जड कामेही असतील, तरच वरच्या वर्गाकडे वळावे.

महिंद्र कंपनीने अमेरिकेतील ट्रॅक्टरविक्रीसाठी १९९४ साली उपकंपनी स्थापन केली आणि तिचे छोटे ट्रॅक्टरही तेथे मिळतात. ओळखीचे नाव पाहून मन ओढ घेणे स्वाभाविक आहे. तरीही निवड नावावर करू नये, मग ते नाव कोणतेही असो. वादळाच्या आदल्या दिवशी पट्टा तुटला तर तो देणारा विक्रेता वीस मैलांच्या आत आहे की शंभर, हा प्रश्न रंगापेक्षा महत्त्वाचा.

वास्तविक क्रम उलटा हवा. आधी जोडयंत्र ठरवावे आणि मग ते पेलणारा ट्रॅक्टर घ्यावा. जोडयंत्र कोणते, हे दोन गोष्टींवरून ठरते: हिम टाकायला जागा किती आहे आणि वाटेचा पृष्ठभाग कशाचा आहे.

बहुतेक ट्रॅक्टरांसोबत पुढचा लोडर आणि त्याची बकेट येते, आणि नवखा मालक पहिला हिवाळा तिच्यावरच काढतो. बकेट हे उचलण्याचे साधन आहे. छोट्या लोडरची उचल तीन-चारशे किलोंच्या आसपास असते आणि बकेटमध्ये हिम मावते फार थोडे, त्यामुळे शंभर घनमीटरला शेकडो फेऱ्या होतात. शिवाय तिची सपाट धार डांबरातील उंचवट्याला अडली तर धक्का थेट लोडरच्या बाहूंना बसतो.

ढकलण्यासाठी असते ते पाते. इंग्रजीत त्याला हिमाचा नांगर म्हणतात, पण आपल्या नांगराशी त्याचे काही नाते नाही. शेत सपाट करण्याच्या लेव्हलिंग ब्लेडशी आहे. मागच्या थ्री पॉइंट लिंकेजला लावायचे तिरके पाते सर्वांत स्वस्त आणि मजबूत. पुढच्या पात्यामुळे मान वळवावी लागत नाही आणि अडथळा आला तर स्प्रिंगमुळे ते मागे कलते. पाते वेगवान आहे, ओल्या चिखलासारख्या हिमातही अडत नाही. त्याची मर्यादा जानेवारीत कळते. कडेला सारलेले हिम गोठून भिंतीसारखे कठीण होते, पुढच्या खेपेचे हिम सारायला जागा उरत नाही आणि वाट आठवड्यागणिक अरुंद होत जाते. म्हणून पाते वापरणाऱ्याने पहिल्याच वादळात हिम वाटेच्या कडेपासून पाच-सात फूट पलीकडे ढकलून ठेवावे. डिसेंबरात हा उद्योग निरर्थक वाटतो.

जेथे वर्षाकाठी शंभर इंच हिम पडते आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना झाडे किंवा कुंपण आहे, तेथे ब्लोअरला पर्याय नाही. त्यातील आडवा मळसूत्री दंड हिम कापून मध्यभागी आणतो आणि मागचा पंखा ते धुराड्यासारख्या नळीतून तीस फूट वा त्याहून दूर फेकतो. रुंदी निदान ट्रॅक्टरच्या चाकांच्या बाहेरील अंतराएवढी असावी. नाही तर चाके न काढलेल्या हिमावरून जातात. ब्लोअर पुढे लावावा की मागे, हा वाद न संपणारा आहे. पुढच्या ब्लोअरमध्ये समोर पाहून काम होते, पण तो महाग, त्याला ट्रॅक्टरच्या पोटाखालचा पीटीओ आणि स्वतंत्र सांगाडा लागतो आणि लोडर काढून ठेवावा लागतो. मागचा ब्लोअर ५४० फेऱ्यांच्या नेहमीच्या पीटीओवर चालतो, किमतीत हलका असतो, स्वतःच मागच्या चाकांवर वजन टाकतो आणि पुढची बकेट ढिगारे उचलायला मोकळी राहते. त्यासाठी सबंध वाट उलटी चालत, मान मागे वळवून काढावी लागते. ज्यांची मान धड आहे आणि खिसा मर्यादित आहे, त्यांनी मागचाच घ्यावा असे माझे मत आहे. साठीच्या पुढच्या गृहस्थाला मात्र मी तो सुचविणार नाही.

खडीच्या वाटेची गोष्ट निराळी. जमीन गोठण्यापूर्वी धार जमिनीला टेकवली तर वसंतात निम्मी खडी हिरवळीत सापडते. आणि ब्लोअरमधून उडालेला खडा खिडकीची काच फोडतो किंवा त्याहून वाईट काही करतो. यंत्राखालचे घसरते पाय एक-दोन इंच खाली घ्यावेत आणि पहिल्या हिमाचा पातळ थर दाबून तसाच राहू द्यावा. तो गोठला की हिवाळाभर फरशीचे काम देतो. पात्याच्या धारेवर उभी चिरलेली नळी बसविण्याची युक्तीही अनेक जण करतात.

सब-कॉम्पॅक्टचे नुसते वजन पाऊण टनाच्या आसपास असते. पुढे जड यंत्र लावले की मागची चाके हलकी होऊन घसरू लागतात. म्हणून मागच्या टायरांत न गोठणारे द्रव भरतात किंवा लिंकेजला वजनाची पेटी लावतात. रुंद, ठोकळेदार नक्षीचे औद्योगिक टायर विक्रेते आग्रहाने देतात. निव्वळ बर्फावर ते फारसे धरत नाहीत. उतार असेल तर साखळ्यांचा खर्च टाळू नये. तापवलेली केबिन ही चैन वाटते, पण ब्लोअरने फेकलेले हिम वारा तोंडावर आणू लागला की मत बदलते.

कडाक्याच्या थंडीत डिझेलमधील मेण गोठून गाळणी तुंबते. म्हणून ऑक्टोबरअखेरीस टाकीतील उन्हाळी इंधन संपवून हिवाळी मिश्रण भरावे. इंजिनात विजेचा हीटर बसवून घ्यावा आणि तो दोन-तीन तास आधी लावावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवू नये. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ब्लोअरची नळी तुंबली की हात घालून मोकळी करण्याचा मोह होतो. बोटे जाण्याचे प्रसंग याच क्षणी घडतात. इंजिन बंद केल्यावरही अडकलेल्या दंडात ताण उरलेला असू शकतो आणि गुंता सुटताच तो फिरतो. पीटीओ तोडावा, इंजिन बंद करून किल्ली काढावी, सारे थांबू द्यावे आणि मग काठीनेच हिम काढावे. दगड अडकून शिअर बोल्ट तुटला तर त्याच दर्जाचा बोल्ट घालावा. अधिक कठीण बोल्ट घातला की तो टिकतो आणि गिअरबॉक्स तुटतो. चार-सहा बोल्ट खिशात असू द्यावेत.

वाटेच्या तोंडाशी नगरपालिकेचा ट्रक जो दाट बांध टाकून जातो, त्याचा राग सर्वांनाच येतो. तेथे वाहतूक उजव्या बाजूने चालते. त्यामुळे वाटेत रस्त्याकडे तोंड करून उभे राहिल्यास ट्रक डावीकडून येतो. वाटेच्या डाव्या अंगाला, रस्त्याच्या कडेशी पंधरा-वीस फुटांचा कप्पा आधीच मोकळा करून ठेवला, तर ट्रकच्या पात्यावरचे बरेचसे हिम तेथेच गळून पडते. आपले हिम मात्र रस्त्यावर किंवा रस्त्यापलीकडे ढकलू नये. अनेक राज्यांत तो गुन्हा आहे. आणि हे सारे करण्याआधी, जमीन मऊ असतानाच, वाटेच्या दोन्ही कडांना उंच रंगीत काठ्या रोवून ठेवाव्यात. डिसेंबरनंतर काठी जमिनीत शिरत नाही आणि वाट नेमकी कोठे होती, हे घरच्यांनाही सांगता येत नाही.