चिकू इराणचा नाही, आणि इराणी चहासुद्धा

परवा घोलवडहून बोर्डीकडे चाललो होतो. रस्त्याच्या कडेला चिकूच्या टोपल्या घेऊन बायका बसतात, तिथे मुंबईची एक गाडी थांबली होती. गाडीतले गृहस्थ मुलांना समजावून सांगत होते, "हे फळ इराणचं बरं का. इथले इराणी लोक येताना सोबत घेऊन आले." विकणाऱ्या बाईने मान डोलावली. गिऱ्हाईक कशाला तोडायचं? मीही गप्प बसलो. पण घरी आल्यावर राहवेना, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आमच्या शेजारच्या वाडीत एक इराणी काका आहेत. त्यांचे आजोबा यझदहून आले. काका जन्मले घोलवडला, शिकले बोर्डीला, आणि त्यांचं सगळं आयुष्य चिकूच्या झाडांखाली गेलं. इराण त्यांनी पाहिलेलं नाही. तरी गेली सत्तर वर्षं लोक त्यांना "तुमच्या देशात" असं म्हणून प्रश्न विचारतात. काकांकडे या प्रश्नांची यादीच तयार आहे. चहा पिताना ते एकेक काढून सांगतात आणि आम्ही हसतो. त्यातले निवडक इथे देतो, आणि खरं काय तेही.

पहिला प्रश्न अर्थातच चिकूचा. चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. स्पॅनिश लोकांनी तो फिलिपिन्सला नेला, तिथे आजही त्याला 'चिको' म्हणतात. आपल्याकडे लोक सांगतात, खोडातून चीक निघतो म्हणून 'चिकू'. ऐकायला पटतं, पण नाव आलंय तिकडूनच. चिकाची गोष्ट मात्र खरी. मेक्सिकोकडचे लोक हा चीक शिजवून शेकडो वर्षं चघळत आले. १८७० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या थॉमस ॲडम्सने त्याचाच च्युइंगगम करून बाजारात आणला. घोलवडला चिकू आल्याचं साल फळबागांच्या पुस्तकांत १८९८ दिलेलं असतं. २०१६ मध्ये 'डहाणू घोलवड चिकू' म्हणून त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आता यझद. ते शहर समुद्रसपाटीपासून बाराशे मीटर उंचीवर, वाळवंटाच्या काठाला. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो. तिथे डाळिंब होतं, बदाम होतो, रेशमासाठी तुती होते. चिकूचं रोप लावलं तर एक थंडीही काढणार नाही. म्हणजे काकांच्या आजोबांनी चिकू पहिल्यांदा पाहिला तो इथेच. काका म्हणतात, "अरे, मला काय विचारतो? मेक्सिकोवाल्याला विचार!"

दुसरा प्रश्न चहाचा. "काका, इराणमधला ओरिजिनल इराणी चहा कसा असतो हो?" तर इराणमध्ये चहा बिनदुधाचा. छोट्या काचेच्या पेल्यात लालभडक कोरा चहा ओततात, साखरेचा खडा दातात धरतात आणि त्यावरून घोट घेतात. आपला दाट, गोड, दुधाळ 'इराणी चहा' तिथे मागितला तर मिळायचा नाही. बनमस्का तर नाहीच. हे सगळं मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत इथल्या गिऱ्हाइकाच्या जिभेप्रमाणे तयार झालं.

आणि खरी गंमत पुढेच आहे. इराणमध्ये चहाचे मळे आहेत, कॅस्पियन समुद्राकडे, लाहिजान भागात. ते लावले काशेफ-उस-सल्तनेह नावाच्या गृहस्थांनी. हे भारतात इराणचे वकील म्हणून होते. १९०० च्या सुमारास त्यांनी कांगड्याहून चहाची रोपं तिकडे नेली. म्हणजे चहा इराणहून इथे आला नाही, इथून तिकडे गेला. आपण मात्र इराण्याला विचारतो, ओरिजिनल कसा लागतो!

सिनेमाचंही तेच. 'आलम आरा' काढणारे अर्देशीर इराणी पुण्यात जन्मलेले, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण फारसी भाषेतला पहिला बोलपट 'दुख्तर-ए-लोर' हाही १९३३ मध्ये त्यांच्याच इंपीरियल कंपनीने मुंबईत तयार केला आणि मग तो इराणमध्ये दाखवला गेला. आपण ज्याला 'तिकडून आलेलं' समजतो त्याची वाट पुष्कळदा उलटी असते.

तिसरा प्रश्न भाषेचा. "तुम्ही घरी अरबी बोलता का?" काका घरी गुजराती बोलतात, बाजारात मराठी, आणि वाडीतल्या कामगारांशी वारली. त्यांची आजी यझदच्या जरथोस्ती लोकांची दरी बोली बोलायची, ती आता घरात कोणाला येत नाही. इराणची भाषा फारसी, आणि फारसी अरबीच्या कुळातली नाहीच. लिपी अरबी वळणाची असली तरी भाषा नात्याने संस्कृतच्या जवळची. 'बागायतदार' हा शब्द घ्या. बाग फारसी, दार फारसी. जमीन, बाजार, दुकान, कागद, दरवाजा, आवाज, सगळे तिकडचे. फडणवीस आणि चिटणीस यांच्यातला शेवटचा तुकडासुद्धा फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. कारभारात हे शब्द इतके झाले होते की शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी उरलेले आपण रोज वापरतोच. इराणची भाषा काकांपेक्षा तलाठी ऑफिसात जास्त ऐकू येते, असं म्हटलं तरी चालेल!

चौथा प्रश्न उंटाचा. "तुमच्याकडे सगळं वाळवंटच ना? पाणी कुठून आणता?" यझदला वाळवंट आहे, खोटं कशाला बोला. पण जवळच शीरकूह नावाचा चार हजार मीटर उंचीचा डोंगर आहे, त्यावर बर्फ पडतं. त्या बाजूचं भूगर्भातलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून मैलोनमैल शहरात आणतात. त्याला म्हणतात कनात. वर ठरावीक अंतरावर विहिरीसारखे उसासे, आणि खाली हलक्या उताराने वाहणारं पाणी. पंप नाही की मोट नाही. ही विद्या आपल्याला परकी नाही. मलिक अंबरने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सतराव्या शतकात जी नहर केली ती याच जातीची.

पाचवा प्रश्न धर्माचा. इराणी म्हणजे मुसलमान, असं अर्ध्या लोकांना वाटतं. उरलेल्या अर्ध्यांना वाटतं, इराणी म्हणजे पारशीच. घोलवड-डहाणूकडचे बहुतेक इराणी जरथोस्ती. पारशांचा आणि त्यांचा धर्म एक, फक्त पारशी आले हजार वर्षांहून आधी, संजाणला, आणि हे आले अलीकडे, मुख्यतः एकोणिसाव्या-विसाव्या शतकात. दुसरीकडे मुंबईतल्या इराणी हॉटेलवाल्यांत यझदकडचे शिया मुसलमानही होते आणि आहेत. दोघेही इराणीच.

यात माझीही फजिती झालेली आहे. लहानपणी काका म्हणाले, "उद्या उदवाड्याला इराणशाहच्या दर्शनाला जायचंय." तेव्हा नुकतीच १९७९ ची क्रांती झालेली, इराणचा शाह देश सोडून पळाल्याच्या बातम्या रेडिओवर. मी शाळेत सांगून टाकलं की शाह उदवाड्याला लपलाय! इराणशाह हे पवित्र अग्नीचं नाव, हे मला नंतर कळलं. संजाण पडल्यावर हा अग्नी बारा वर्षं आपल्याच बाहरोटच्या डोंगरातल्या गुहेत लपवून ठेवला होता, अशी परंपरा आहे. १७४२ पासून तो उदवाड्याला आहे. नाव इराणचा राजा, आणि मुक्काम आपल्या शेजारी.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. पण यादीतला सहावा प्रश्न आला की काका गप्प होतात. "तुम्ही इराणचे मोठे शेठ लोक, तिकडून पैसा घेऊन आलात आणि इथे वाड्या घेतल्या ना?"

जिझिया म्हटलं की आपल्याला औरंगजेब आठवतो. इराणमधल्या जरथोस्ती लोकांवर हा कर १८८२ पर्यंत होता. त्याच्या वसुलीत माराहाण आणि अपमान नेहमीचाच. त्यांना घोड्यावर बसायची बंदी. गाढवावर बसले आणि समोरून मुसलमान आला तर खाली उतरायचं. कपडे मळकट पिवळ्या रंगाचे घालायचे, घर शेजाऱ्याच्या घरापेक्षा उंच बांधायचं नाही. त्यात १८७० ते १८७२ चा भयंकर दुष्काळ. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातरिया यांना तिकडे पाठवलं होतं. त्यांनी आणि त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या पारशांनी वर्षानुवर्षं खटपट केली, तेव्हा कुठे नासिरुद्दीन शाहने तो कर उठवला. कर गेला तरी गरिबी आणि भीती राहिलीच. माणसं निघून येत राहिली. इथे आल्यावर कोणी पारशांच्या घरी नोकर झाले, कोणी बेकरीत भट्टीसमोर उभे राहिले. काकांचे आजोबा अंगावरच्या कपड्यांनिशी आले, एवढंच काकांना माहीत. पुढचं आजोबांनी कधी सांगितलं नाही.

म्हणजे जो माणूस उपाशी आणि घाबरलेला आला, त्याला आपण 'शेठ' म्हणून आणून बसवलं. त्याचं दुःखही गेलं आणि कष्टही गेले.

या गैरसमजाला जोडूनच आणखी एक आहे. तो इराणबद्दल नाही, आपल्याच गावाबद्दल आहे. "इराणी यायच्या आधी इथे काय होतं? नुसतं जंगल!" जंगल होतं, पण रिकामं नव्हतं. वारली होते, धोडी होते, दुबळा होते. ती माणसं नाचणी-भात पिकवत होती. त्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या, आणि त्या जमीनदारांत सगळ्याच जातिधर्मांचे लोक होते, काही इराणीही होते. स्वतःच्याच जमिनीवर वारली वेठीला राबले. मे १९४५ मध्ये तलासरीकडच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असं ठरवून उठले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा सगळा इतिहास आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा. आपल्याच तालुक्यांची गोष्ट आहे.

मी हे काकांसमोर काढलं तेव्हा वाटलं होतं, रागावतील. ते म्हणाले, "आमच्या आजोबाने झाड लावलं, असं सगळे म्हणतात. खड्डा कोणी खणला ते कोणी विचारत नाही."

मला वाटतं, मुद्दा एवढाच आहे. 'चिकू इराणहून आला' हे एक छोटंसं, सोपं वाक्य आहे. पण त्या एका वाक्यात मेक्सिको गेला, यझदचा छळ गेला आणि वारल्याचा घाम गेला. उरलं काय, तर टोपलीवरची पाटी. गैरसमज गमतीचा असला तरी तो कोणाला तरी पुसून टाकतो. पर्यटकाला दोष नाही. त्याला कोणी सांगितलंच नाही, आणि मीही त्या दिवशी गप्प बसलो.

शेवटी उलट बाजूचाही एक किस्सा. काकांच्या नात्यातलं एक जोडपं काही वर्षांपूर्वी यझद पाहून आलं. इतकी वर्षं इथे 'इराणी' म्हणवून घेतलेलं, तिथे पोचल्यावर मात्र सगळे त्यांना 'हिंदी' म्हणायला लागले. हिंदी सिनेमाची चौकशी झाली. एकाने तर अगदी मनापासून विचारलं, "तुमच्याकडे घरोघरी हत्ती असतात का?" फारसीत एक म्हण आहे, की अमक्याच्या हत्तीला हिंदुस्तानची आठवण झाली. कोणाला जुनी ओढ परत लागली की असं म्हणतात. हत्ती बिचारा इथून तिकडे नेलेला, त्याला आपलं रान आठवणारच.

ते जोडपं पंधरा दिवस राहणार होतं, अकराव्या दिवशीच परत आलं. का, विचारलं तर म्हणाले, "तिकडे सगळं चांगलं होतं. पण इकडे चिकू उतरवायला आला होता ना!"

पुढच्या वेळी टोपलीशी गाडी थांबली तर मी गप्प बसणार नाही. तुमच्याही घरात, वाडीत, पाड्यावर असे किस्से असतीलच. लिहा खाली. चूक काढायची असेल तर तीही काढा, वाईट वाटणार नाही.