भट्टीतून उठलेली कार्डे

बिस्किटे भाजावीत तसे संगणकाचे बंद पडलेले ग्राफिक्स कार्ड घरच्या ओव्हनमध्ये भाजले आणि ते पुन्हा चालू लागले, असे कोणी सांगितले तर आपण हसू. पण २००८-०९ च्या सुमारास अमेरिका-युरोपातील अनेक हौशी मंडळींनी हेच केले. कार्डावरचा पंखा काढायचा, कार्ड सुमारे २०० अंश सेल्सिअसला आठ-दहा मिनिटे ठेवायचे, धक्का न लावता निवू द्यायचे. २००६ साली आलेल्या ‘जीफोर्स ८८००’ मालिकेतील कित्येक कार्डे अशी उठली. बहुतेक काही आठवडे किंवा महिने चालली आणि पुन्हा मेली.

याचे एक सोपे स्पष्टीकरण तेव्हा सर्वांच्या तोंडी होते. आम्हीही ते खरे मानत होतो. चिप कार्डावर सोल्डरच्या, म्हणजे डाखाच्या, शेकडो बारीक गोळ्यांनी बसवलेली असते. गोळ्यांना तडे जातात, ओव्हनमध्ये डाख वितळतो आणि तडे बुजतात. दोष कोणाचा? युरोपीय संघाच्या कायद्याचा! १ जुलै २००६ पासून तेथे विद्युत उपकरणांतील शिशावर बंधन आले होते, आणि शिसेविरहित डाख ठिसूळ, असा आरोप झाला.

आता आकडे पाहू. कथील-शिशाचा जुना डाख १८३ अंशांना वितळतो. कथील, चांदी व तांब्याच्या नव्या डाखाला २१७ अंश लागतात. म्हणजे २०० अंशांच्या ओव्हनमध्ये तो वितळलाच नसणार! मग कार्ड उठले कसे?

तडा होता चिपच्या आत. सिलिकॉनचा तुकडा त्याखालच्या पट्टीवर आणखी बारीक गोळ्यांनी टेकलेला असतो. या गोळ्यांना कायद्यात सूट होती. एन्व्हिडिया कंपनीच्या त्या काळच्या चिपमध्ये त्या बहुतांशी शिशाच्याच होत्या, आणि असा डाख ३०० अंशांच्या आसपास वितळतो. सिलिकॉन अंशागणिक दशलक्षात सुमारे ३ भाग प्रसरण पावते, खालची पट्टी सुमारे १७ भाग. तापमान ६० अंशांनी वाढले, तर मध्यापासून ५ मिलिमीटरवर दोघांत सुमारे ४ मायक्रोमीटरची ओढाताण होते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण संगणक चालू-बंद करताना ती हजारो वेळा होते. गोळ्यांभोवतीचा राळेचा भराव मऊ पडला की सगळा ताण गोळ्यांवर येतो. ओव्हनमध्ये भराव मऊ होऊन थर किंचित सरकतात, तुटलेली टोके पुन्हा टेकतात. टेकतात, जुळत नाहीत.

एन्व्हिडियाने जुलै २००८ मध्ये लॅपटॉपमधील काही चिपच्या बांधणीतील पदार्थ कमकुवत असल्याचे मान्य करून १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्राचा गाजलेला बिघाडही चिपच्या आतील जोडांचाच होता, हे मायक्रोसॉफ्टच्या २०२१ च्या माहितीपटात सांगितले गेले. शिसेबंदीचा कायदा मात्र अजूनही बोलणी खातो.

शाळेच्या कपाटात १९९० च्या दशकातील कार्डे असतील, तर त्यांची गोष्ट वेगळी. त्यांतील अनेकांच्या चिपना बाहेर दिसणारे पाय असतात. सुटलेला पाय साध्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने बसतो. ओव्हनमध्ये मात्र ८५ किंवा १०५ अंशांपर्यंतच टिकणारे त्यांवरचे कपॅसिटर फुगतील. शिवाय त्या डाखात शिसे आहे, आणि त्याच ओव्हनमध्ये उद्या कोणीतरी केक करणार आहे.