शाळा गावाची की सरकारची? हिंगोलीतून मांडलेला पाऊणशे वर्षांचा हिशोब

शाळा सुरू झाल्या की आपल्याकडं सेनगाव, कळमनुरी, औंढ्याच्या वाड्या-तांड्यांवर एकच विषय निघतो. "औंदा पट किती?" वीसच्या आत आला तर शाळा राहते का जाते, एक गुरुजी कमी होतो का, लेकरांना दुसऱ्या गावी पायी जावं लागतं का. हॉटेलात चहा पिणारा प्रत्येक माणूस यावर बोलतो. पण शाळा व्यवस्थापन समितीची शेवटची बैठक कधी झाली, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

मी शिक्षक नाही, कुठल्या संघटनेचाही नाही. झेडपीच्या शाळेत शिकलो आणि इतिहास वाचायची खोड आहे, एवढंच. शाळा सुधारायची म्हणून सरकार, शिक्षक आणि गाव आजवर किती वेळा एकत्र आले आणि त्यातलं काय टिकलं, याचा हिशोब मांडावा म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांब आहे. पण पटाची चर्चा करण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

निजामाच्या राज्यातली शाळा

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलं गाव. कारभार उर्दूत आणि वरचं शिक्षणही उर्दूत. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचंच होतं. म्हणजे मराठी घरातलं पोरगं वरच्या वर्गात गेलं की आधी भाषेशी झुंजायचं, मग विषयाशी. खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी. सभा घ्यायची तरी परवानगी. त्यासाठीचं 'गश्ती निशाण ५३' आपल्या जुन्या माणसांना तोंडपाठ होतं.

त्याच काळात तिकडं कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१९ साली सातारा जिल्ह्यात काल्याला भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. तिकडची वाट आधी मोकळी झाली, आपली नंतर. आजही आपला जिल्हा मागं का, असं कुणी विचारलं तर हा फरक आधी सांगावा लागतो.

तरीही मराठवाड्यातले लोक गप्प बसले नाहीत. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी अशा शाळा लोकांनी आपल्या हिमतीवर चालवल्या. स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही शाळांत मुख्याध्यापक होते आणि तिथूनच ते १९३८ च्या सत्याग्रहात उतरले. आपला मुक्तिसंग्राम बराचसा शाळेच्या वर्गातून निघाला, हे आपण झेंडावंदनाला सांगतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. वसमतजवळच्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर याच मातीतले. तेही आधी शाळामास्तर होते, मग नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले.

त्या काळात शाळा गावाची होती, कारण सरकार आपलं नव्हतं.

१९६२ : शाळा जिल्हा परिषदेची झाली

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६१ साली जिल्हा परिषद कायदा आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा त्यांच्याकडं गेल्या. हा बदल फार मोठा होता. गावोगाव शाळा निघाली, पगारी गुरुजी आले. इमारत नव्हती तिथं मारुतीच्या देवळात नाहीतर चावडीत वर्ग भरले. कुणी जागा दिली, कुणी लाकूड दिलं, गुरुजींची राहायची सोयही गावानंच केली. माझ्या वडिलांची पहिली दुसरी अशीच देवळात झाली. पाऊस आला की पोरं आणि देवाला आलेली माणसं एकाच छताखाली.

याच सुमारास राज्यात एक प्रयोग झाला, तो आता फारसा कुणाला आठवत नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि चार-पाच वर्षांत ती राज्यभर पसरली. प्राथमिक शिक्षक आणि गावातले शिकलेले लोक संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात प्रौढांना अक्षर शिकवायचे, तेही पैसे न घेता. गाव साक्षर झालं की समारंभ व्हायचा, देवासमोर शपथा घेतल्या जायच्या. पैशाविना एवढी मोठी मोहीम उभी राहिली, कारण शिक्षकाला गावात मान होता आणि गावाला ईर्षा होती.

पण समारंभ झाला, मांडव निघाला आणि पुढं वाचायला पुस्तक नाही, जायला वर्ग नाही. बरेच लोक शिकलेलं विसरले. उत्साहामागून व्यवस्था आली नाही. हा पहिला धडा.

१९९४ : परभणी यादीत आला

१९९४ साली केंद्र सरकारनं जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आणला, जागतिक बँकेचा पैसा घेऊन. जिथं स्त्री-साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा कमी, असे जिल्हे निवडले गेले. १९९१ च्या जनगणनेत ती सरासरीच ३९ टक्के होती, आपण तिच्याही खाली. महाराष्ट्रातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत परभणी होता. सोबत नांदेड, लातूर, उस्मानाबाद, औरंगाबाद. पाचही मराठवाड्यातले. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला तेव्हा या कार्यक्रमाची माणसं आणि सवयी आपल्या वाट्याला आल्या.

यात तीन गोष्टी नव्या होत्या. एक, वर्गखोली बांधायचं काम कंत्राटदाराऐवजी ग्रामशिक्षण समितीच्या हाती आलं. वाळू कुठली, सिमेंटची पोती किती, हे गावातली माणसं मोजू लागली. दोन, शिक्षकाला वर्षाला ५०० रुपये आणि शाळेला २००० रुपये थेट मिळू लागले. रक्कम लहान, पण तक्ता आणायचा का ठोकळे, हे ठरवायला तालुक्याला विचारावं लागत नव्हतं. तीन, आठ-दहा शाळांचं एक केंद्र झालं, त्यावर केंद्रप्रमुख आला. महिन्यातून एकदा सगळे शिक्षक एका शाळेत जमू लागले. माझ्या वर्गात वाचन अडलंय, तुम्ही काय केलं, असं एक शिक्षक दुसऱ्याला विचारू लागला. माता-पालक संघही तेव्हाचेच. आयांनी शाळेत यायचं, पोरीची वही बघायची, ही गोष्ट आपल्याकडं साधी नव्हती.

कार्यक्रम संपला, पैसा थांबला. केंद्र मात्र राहिलं, महिन्याची शिक्षण परिषदही राहिली. नुसती सही करून उठणारे शिक्षक आहेत, तसे तिथून काहीतरी घेऊन जाणारेही आहेत. तीस वर्षांनंतर टिकलेली ही गोष्ट आहे.

त्याच्याच मागोमाग वस्तीशाळा आल्या. जिथं शाळा लांब, तिथं त्याच वस्तीवरचा शिकलेला पोरगा नाहीतर सून 'निमशिक्षक' म्हणून बसायची. मानधन महिना १००० रुपये. आपल्या तांड्यांवरच्या आणि आखाड्यांवरच्या कित्येक लेकरांनी पाटी पहिल्यांदा तिथं धरली. या शिक्षकांना नियमित व्हायला २०१४ साल उजाडलं. गावानं माणूस दिला आणि सरकारनं तो दहा-बारा वर्षं हजार-दोन हजारांवर वापरला, हेही हिशोबात लिहून ठेवायला पाहिजे.

२०१० : कायद्यानं दिलेली खुर्ची

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. पंचवीस टक्के प्रवेश सगळ्यांना माहीत आहेत. कलम २१ आणि २२ कुणी वाचत नाही.

कलम २१ म्हणतं, प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती असेल आणि तिच्यात पाऊण सदस्य पालक असतील. सगळ्या समितीत निम्म्या बायका. आपल्याकडं १२ ते १६ जणांची समिती म्हणजे ९ ते १२ पालक. अध्यक्षही पालकच, मुख्याध्यापक फक्त सचिव. महिन्याला बैठक. कलम २२ म्हणतं, ही समिती शाळेचा विकास आराखडा करील आणि सरकारच्या अनुदानाचा आधार तोच आराखडा असेल.

परत एकदा वाचा. तुमच्या शाळेला काय पाहिजे हे तुम्ही लिहायचं आणि सरकारनं त्यावरून पैसे द्यायचे, असं संसदेनं लिहून दिलंय. प्रत्यक्षात काय होतं? तयार नमुना येतो, मुख्याध्यापक रात्री बसून भरतात, दुसऱ्या दिवशी शिपाई नाहीतर पोरगं रजिस्टर घेऊन घरोघर फिरतं. "इथं सही करा." बैठक झाली.

यात एकट्या मुख्याध्यापकांना बोल लावून चालणार नाही. पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती, निवडणूक, सर्वेक्षण यातून त्यांना वर्गात जायला वेळ मिळाला तर नशीब. आणि सकाळी अकराची बैठक ठेवली तर सोयाबीन काढणीची रोजंदारी बुडवून कोणती आई येईल?

२०१५ : राज्य हललं तेव्हा

२२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा शासन निर्णय निघाला. शिक्षण विभागाचे सचिव नंदकुमार होते. प्रत्येक मूल शिकलंच पाहिजे, एवढा साधा आग्रह. त्याचं मूळ सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये होतं. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद पुस्तकातून काढून वर्गाच्या फरशीवर आणला होता. खडूनं आखलेल्या चौकटी, चिंचोके, काड्यांचे गठ्ठे, आणि मूल स्वतः मांडून शिकतंय. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला गेले. परत येऊन वर्ग रंगवले, साहित्य केलं, व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना दाखवलं. मराठवाड्यातले शिक्षकही त्यात होते. वरून आलेल्या प्रशिक्षणाला कंटाळलेले शिक्षक दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग बघून हलले, हे मला त्या वर्षांतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

संस्थाही सोबत आल्या. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचं 'मूल्यवर्धन' २००९ साली बीडच्या ५०० शाळांत सुरू झालं होतं, ते राज्यभर गेलं. गावांनी लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर, संगणक दिले. गरीब गावांनी दिले, बरं का.

आज त्यातले किती टीव्ही चालू आहेत, ते आपापल्या गावात बघा. कुठं वीजबिल थकून मीटर गेलं, कुठं यंत्र बिघडलं, कुठं ते शिकवणाऱ्या सरांची बदली झाली. पण जिथं समितीनं स्थलांतराच्या काळात हंगामी वसतिगृह नीट चालवलं, तिथला फरक वेगळा आहे. दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन कारखान्याला जातात आणि लेकरू आजीपाशी गावातच राहून, शाळेत जेवून, वर्गात टिकतं. त्याला प्रोजेक्टर लागत नाही. कोणतं घर जाणार, कोणाची आजी सांभाळील, कोणाला कोणीच नाही, हे माहीत असलेली माणसं लागतात. ती सचिवालयात नसतात, तांड्यावर असतात.

आणि आता

डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा बंद करायचं ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळा' आल्या आणि त्याच महिन्यात कंपन्या, देणगीदारांसाठी 'दत्तक शाळा' योजना आली. २०२४ मध्ये पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या नव्या नियमांवर शिक्षक रस्त्यावर उतरले.

समूह शाळेची बाजू अगदीच खोटी नाही. चार पोरांच्या वर्गात सवंगडी नसतात, एकच गुरुजी चार वर्ग सांभाळतात. मोठ्या शाळेत हे सुटू शकतं. पण आपल्या नियमातच पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे असं आहे. श्रावणात ओढ्याला पाणी आल्यावर गाडी येईल का, आणि नाही आली तर आधी कोण घरी बसेल? पोरगी बसेल. हा प्रश्न मुंबईतल्या तक्त्यात दिसत नाही, म्हणूनच तो गावानं मांडायचा असतो.

दत्तक योजनेलाही माझा सरसकट विरोध नाही. देणगी येऊ द्या. पण देणगीदार पाच-दहा वर्षांनी जाईल आणि सरकारनं त्या आधारावर हात काढून घेतला तर शाळा कुणाची? वर्गणी ही सरकारच्या पैशावरची भर आहे, सरकारच्या पैशाची जागा नाही.

या साऱ्या वर्षांतून मला एवढंच दिसतं. गावाकडं फक्त वर्गणी मागितली तिथं सुधारणा रंगासारखी उडाली. गावाला मोजायला, ठरवायला, विचारायला बसवलं तिथं थोडं तरी मागं राहिलं. शिक्षकांचंही तसंच, हुकूम विसरले गेले, एकमेकांकडून शिकलेलं राहिलं.

२०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा पावणेबारा लाखांचा, साक्षरता ७८ टक्के, शंभरातले पंच्याऐंशी लोक खेड्यात. इथं झेडपीची शाळा पडली तर दुसरी शाळा फक्त पैसेवाल्याला आहे.

म्हणून या महिन्यात चार कामं करा. समितीत कोण आहे ते शाळेत जाऊन विचारा. बैठक संध्याकाळी ठेवायला लावा, म्हणजे आया येतील. विकास आराखडा मागा आणि वाचा. नसेल तर गुरुजींसोबत बसून करा. पट कमी असेल तर मुलं कुठं गेली, याची घरवार यादी करा आणि शाळेबाबत काही निर्णय व्हायच्या आधी ती ग्रामसभेत ठेवा, ठराव घ्या.

तुमच्या गावात समितीची बैठक खरंच होते का? होत असेल तर कशी, ते खाली लिहा. दुसऱ्या गावाला उपयोग होईल.