नाशिकचे जुने हिशेब

नाशिक शहराची माहिती द्यावयाची म्हणजे आरंभ आंकड्यांनींच होतो. १९०१ च्या खानेसुमारींत वस्ती २१,४९० होती. २०११ मध्यें महापालिकेच्या हद्दींत ती १४,८६,०५३ भरली. नगरपालिका १८६४ सालची, महापालिका १९८२ ची. हे आंकडे शहराचा आकार सांगतात. त्याची पत सांगणारे आंकडे याहून फार जुने असून ते दगडावर कोरलेले आहेत.

शहराच्या दक्षिणेस त्रिरश्मि डोंगरावर पांडवलेणीं आहेत. एकंदर लेणीं २४. पैकीं दहाव्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात याचा दानलेख आहे. विद्वान् लोक तो इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील मानतात. उषवदातानें ३,००० कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. गोवर्धन हें त्या काळीं या प्रांताचें मुख्य ठाणें. त्या नांवाचें गांव नाशिकच्या पश्चिमेस गोदाकांठीं आजही आहे. एका श्रेणीकडे २,००० ठेवले, व्याज दरमहा शेंकडा एक. दुसरीकडे १,०००, व्याज शेंकडा पाऊण. दुसरीनें पाव कमी कां दिला, हें लेखांत नाहीं. पण कोष्टी सौदा करण्यांत भोळे नसावेत. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, व्याजच तेवढें भोगावयाचें, असें स्पष्ट लिहिलें आहे.

मोठ्या ठेवीच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं द्यावयाचे. शाळेंतील मुलानेंही हिशेब करून पहावा. दोन हजारांचें व्याज महिन्यास वीस, वर्षास दोनशें चाळीस. वीस जणांस बारा बारा म्हणजेही तितकेच. एकही नाणें उरत नाहीं कीं कमी पडत नाहीं. हा व्यवहार निगमसभेंत ऐकवून फलकावर रीतसर नोंदविला गेला. तलवारीच्या जोरावर राज्य करणाऱ्या घराण्यानें धर्मादायाचा पैसा सरकारी खजिन्यांत न ठेवतां मागवाल्यांच्या हवालीं केला, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढें गौतमीपुत्र सातकर्णीनें क्षहरातांचा पाडाव केला. तिसऱ्या लेण्यांतील त्याच्या अठराव्या वर्षाच्या लेखांत गोवर्धनच्या अमात्यास आज्ञा आहे: पूर्वीं उषवदाताकडे असलेलें काखडी गांवचें २०० निवर्तनें शेत भिक्षूंस द्यावें. सहा वर्षांनीं दुसरी आज्ञा निघाली. तें शेत कोणी कसत नाहीं, गांवांत वस्तीही राहिली नाहीं. सबब शहराच्या शिवेवरील राजाच्या जमिनीपैकीं १०० निवर्तनें त्यांस द्यावीं.