इंजिनाचा श्वास : विंध्याच्या घाटातील एक कथा

इटारसीहून भोपाळकडे निघालेली आगगाडी पूर्वीच्या होशंगाबादजवळ नर्मदा ओलांडते आणि बुधनी मागे पडताच विंध्याचा घाट चढू लागते. शाहजहान बेगमेच्या कारकिर्दीत, १८८४ साली, हा लोहमार्ग सुरू झाला. पुढे नोव्हेंबर १९५६ मध्ये भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाली, तेव्हा नागपुरातील कितीतरी मराठी नोकरदारांची बिऱ्हाडे याच मार्गाने त्या शहरी गेली. वाफेचे इंजिन घाटात धापा टाकी आणि मागून दुसऱ्या इंजिनाचा रेटा मिळाल्याशिवाय जड गाडी वर चढत नसे. वाफेची जागा पुढे डिझेलने घेतली. परंतु धाप लागण्याचा प्रश्न काही सुटला नाही. त्याचे स्वरूप तेवढे पालटले.

इंजिनाची शक्ती वाढवावयाची म्हणजे अधिक तेल जाळावयाचे, असे सामान्य माणसास वाटते. चुलीपुढे बसणाऱ्या गृहिणीला मात्र खरी गोष्ट ठाऊक असते. चुलीत नुसती लाकडे कोंबली तर जाळ वाढत नाही, घरभर धूर मात्र होतो. जाळ हवा असेल तर फुंकणी हाती घ्यावी लागते. इंजिनाच्या सिलिंडरातही हाच न्याय चालतो. तेल कितीही सोडता येते. ते जाळण्यापुरती हवा आत कशी न्यावयाची, ही खरी अडचण होय.

या अडचणीवरचा उपाय स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याला सुचला. १९०५ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू फुकट जातो; त्या वायूने एक चक्र फिरवावे, त्याच आसावर दुसरे चक्र बसवावे आणि त्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरावी, अशी ती कल्पना होती. जे टाकून द्यावयाचे त्याच्याकडूनच भाता ओढून घ्यावयाचा! यालाच आज टर्बोचार्जर म्हणतात. कल्पना सोपी होती. तथापि तेवढी उष्णता आणि तेवढा वेग सोसणारे धातू त्या काळी सहजासहजी मिळत नव्हते. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे इंजिन पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंच पर्वतावर नेले आणि विरळ हवेतही टर्बोचार्जरच्या बळावर त्याची शक्ती टिकते, हे सिद्ध केले. त्यानंतर काही वर्षांतच ब्यूखीच्या पद्धतीने दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत नेण्यात आली.

भारतात ही विद्या रेल्वेच्या रुळांवरून आली. १९५७-५८ मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीची १,९५० अश्वशक्तीची इंजिने येथे दाखल झाली. १९६२ च्या सुमारास त्याच देशातील दोन प्रतिस्पर्धी येथे समोरासमोर उभे राहिले. एक अल्को आणि दुसरी जनरल मोटर्स. दोघींचीही इंजिने २,६०० अश्वशक्तीची व दोन्ही टर्बोचार्जर लावलेली. परंतु विद्या हाती देण्यास अल्को तयार झाली, म्हणून निवड तिची झाली, असे रेल्वेच्या इतिहासात सांगितले जाते. ३ जानेवारी १९६४ रोजी वाराणसीच्या कारखान्यातील पहिले इंजिन लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाले.

या कथेत भोपाळचा वाटा मोठा आहे. डिझेल इंजिन गाडीची चाके स्वतः फिरवीत नाही. ते जनित्र फिरवते, जनित्रातून वीज निघते आणि त्या विजेवर चाकांच्या आसांना जोडलेल्या मोटारी चालतात. ही जनित्रे व या मोटारी भोपाळच्या पिपलानी-गोविंदपुरा भागातील अवजड विद्युत कारखान्यात घडू लागल्या. १९५६ साली स्थापन झालेला आणि नोव्हेंबर १९६० मध्ये पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केलेला हाच तो कारखाना. वाराणसीचे हृदय आणि भोपाळचे स्नायू अशी ही जोडी होती, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

अल्को जातीच्या इंजिनात एक खोड होती. चालकाने एकदम शक्ती मागितली की धुराड्यातून काळ्याकुट्ट धुराचा लोट उठे. त्याचे कारण उघड आहे. तेल तत्काळ वाढते, परंतु हवा दाबणारे चक्र बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरणारे. तो जोर वाढल्याशिवाय चक्राला वेग येत नाही. मधल्या काही क्षणांत तेल पुष्कळ आणि हवा थोडी, अशी स्थिती होते. चुलीत लाकडे आधी पडली आणि फुंकणी मागाहून आली! जनरल मोटर्सच्या इंजिनात यावर निराळी तोड होती. इंजिनाची गती मंद असताना तेथील चक्र दातेरी चाकांनी इंजिनच फिरवी. वायूला पुरेसा जोर आला की चक्र आपोआप त्या बंधनातून सुटे. आरंभीच्या आधाराने चालावयास शिकणाऱ्या बालकासारखीच ही गोष्ट होती.

पुढे अल्कोच्या त्याच सोळा सिलिंडरांच्या इंजिनातून भारतीय अभियंत्यांनी २,६०० ऐवजी ३,१०० अश्वशक्ती मिळवली आणि नंतर ती ३,३०० पर्यंत नेली. हे सारे केवळ मोठा टर्बोचार्जर बसवून साधले, असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा ठरेल. अधिक कार्यक्षम टर्बोचार्जर आला, तेव्हा दाबाने तापलेली हवा थंड करण्यासाठी मोठा शीतक बसवावा लागला, कारण तापलेली हवा फुगते आणि तिच्यातील प्राणवायूचा भरणा उणा होतो. वाढलेल्या हवेला साजेसे तेल देणारा पंप बसवावा लागला. झडपा उघडण्या-मिटण्याच्या वेळा बदलाव्या लागल्या. वाढलेली उष्णता सोसण्यासाठी दट्ट्यांना पोलादी माथे द्यावे लागले. १९८१ साली स्थापन झालेल्या पतियाळाच्या कारखान्यात जुन्या इंजिनांनाही हा नवा जन्म मिळाला.

एवढे झाल्यावर प्रश्न पुन्हा भोपाळच्या दारी आला. वाढलेली शक्ती वाहून नेणार कोण? जुन्या एकदिश जनित्रात विजेचा प्रवाह कार्बनच्या ब्रशांतून घ्यावा लागे. तेथे ठिणग्या उडत, झीज होई आणि शक्तीला मर्यादा पडे. म्हणून त्याच्या जागी प्रत्यावर्ती जनित्र आले, आणि त्याची वीज एकदिश करून मोटारींना पुरवण्यात येऊ लागली. हृदय बळकट केले तर धमन्याही तशाच हव्यात, हा धडा येथे मिळाला.

भोपाळ-इटारसी मार्गावर विजेच्या तारा आल्या, तेव्हापासून घाटातील डिझेलचे राज्य ओसरत गेले. तथापि ब्यूखीचे ते चक्र लुप्त झाले नाही. मुठीएवढे लहान रूप घेऊन ते आता भोपाळच्या रस्त्यांवरील असंख्य मोटारींच्या पोटात फिरत आहे. चक्र जितके लहान व हलके, तितका त्याला वेग लवकर येतो आणि चालकाच्या पायाला इंजिन लवकर उत्तर देते. हौशी तरुण अशा मोटारीची शक्ती वाढवू पाहतात. हवेचा दाब वाढवणे सोपे आहे, म्हणून तेवढेच करून पुष्कळ जण थांबतात. मग कोठे दट्ट्या वितळतो, कोठे क्लच घसरतो, तर कोठे ब्रेक अपुरे पडतात.

या तरुणांनी रेल्वेच्या अभियंत्यांचा धीर आठवावा. २,६०० वरून ३,१०० वर जाण्यास त्यांना दोन दशकांहून अधिक काळ लागला, कारण इंजिनाकडून अधिक मागण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक अवयवाला ते सोसेल काय, हे त्यांनी आधी तपासून पाहिले. यंत्राला अधिक श्वास देणे ही विद्या खरी. पण त्या श्वासाने कोणकोणत्या सांध्यांवर ताण पडेल, हे आधी ओळखणे ही त्याहून मोठी विद्या होय. बुधनीचा घाट आजही तितकाच उभा आहे, आणि तो चढणाऱ्याची परीक्षा तो आजही तशीच घेतो.