नूटका किनाऱ्यावरील कोळ्यांची गळपेटी

(१)

जुन्या घराण्यांचीं दप्तरें धुंडाळतांना एक गोष्ट वारंवार घडते. माळ्यावरची पेटी खालीं उतरते, रुमाल सोडले जातात, कागद निवडले जातात आणि रिकामी पेटी पडवींत पडून राहते. पुढें ती सरपणांत गेली तरी कोणास हळहळ वाटत नाहीं. कागद हें साधन आणि पेटी हें त्याचें केवळ वेष्टन, असा आपला समज झालेला आहे. हा समज कितपत टिकतो हें पाहण्यासाठीं प्रस्तुत लेखांत एका दूरदेशीच्या पेटीचा विचार केला आहे. ही पेटी कागदांची नव्हे. किनारा मागें टाकून खोल समुद्रावर मासे धरावयास जाणाऱ्या कोळ्याची, गळ, दोर व इतर सरंजाम ठेवण्याची लांकडी पेटी होय. तिला सोयीसाठीं ‘गळपेटी’ म्हणूं. तिच्या कर्त्यांजवळ लेखनविद्या नव्हती. यास्तव परकीयांचे कागद, त्या लोकांची परंपरागत स्मृति आणि प्रत्यक्ष वस्तु या तिहींचा मेळ घातल्यावांचून तिचा इतिहास लागत नाहीं.

(२)

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर व्हँकूव्हर बेटाची पश्चिम बाजू आणि तिच्या दक्षिणेस, खाडीपलीकडे, फ्लॅटरी भूशिर असा हा प्रदेश आहे. बेटावरील लोकांस युरोपीय ग्रंथकारांनीं ‘नूटका’ हें नांव दिलें. आज ते स्वतःस नू-चा-नुल्थ म्हणवितात. फ्लॅटरी भूशिरावरील लोक मकाह होत. दोघांच्या भाषा एकाच कुळांतील असून दोघांचाही निर्वाह पूर्वापार समुद्रावर होत आला. देवमाशाची शिकार ही त्यांची प्रतिष्ठा, तर हॅलिबट मासा हें त्यांचें अन्न. आपल्या कोंकणांत ज्यास लेप म्हणतात त्या चपट्या माशाच्याच वर्गांतील हा मासा, परंतु आकारानें अजस्र. मोठी मादी माणसापेक्षां कितीतरी जड भरते. तो समुद्राच्या तळाशीं राहतो व त्याचीं उथळ स्थळें किनाऱ्यापासून दूर आहेत. मकाहांचें एक प्रसिद्ध स्थळ भूशिरापासून सुमारें १५ मैलांवर आहे. एका खोडाच्या कोरीव होडींतून इतकें दूर गेल्यावर विसरलेली वस्तु आणावयास परत येणें शक्य नव्हे. गळपेटीची गरज या एका गोष्टींतून उत्पन्न होते.

कॅप्टन जेम्स कुक हा २९ मार्च १७७८ रोजीं नूटकाच्या बंदरांत शिरला व २६ एप्रिलपर्यंत तेथें राहिला. त्याच्या सफरीचा वृत्तांत १७८४ सालीं लंडनमध्यें छापला गेला. तेथील घरांत लहानमोठ्या असंख्य पेट्या भिंतींलगत एकीवर एक रचलेल्या असत, त्यांत वस्त्रें, कातडीं, मुखवटे व इतर मोलाच्या वस्तु ठेवीत, असें त्यांत नमूद आहे. पेटी घरांत होती, इतकें या साधनावरून निश्चित होतें. ती कशी केली आणि होडींत कशी बसविली, हें मात्र पाहुण्याच्या दृष्टीस पडणें कठीण होतें.

(३)

कुकच्या वृत्तांताचा परिणाम मुंबईपर्यंत पोंचला. त्या किनाऱ्यावरच्या समुद्री ऊदमांजराच्या कातड्यास चीनमध्यें मोठी किंमत येते हें कळतांच मुंबईच्या इंग्रज व्यापाऱ्यांनीं ‘कॅप्टन कुक’ व ‘एक्सपेरिमेंट’ हीं दोन जहाजें सिद्ध केलीं. कंपनीचा नोकर जेम्स स्ट्रेंज या मोहिमेचा मुख्य होता. डिसेंबर १७८५ मध्यें, म्हणजे सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत, तीं मुंबईहून निघालीं व जून १७८६ मध्यें नूटकास पोंचलीं. व्यापाराच्या दृष्टीनें मोहीम फसली. स्ट्रेंजचा वृत्तांत मात्र मद्रासच्या दप्तरांत राहिला व १९२८ सालीं तेथील सरकारी छापखान्यांत छापला गेला.

याच मोहिमेंत लष्करी तुकडीबरोबर अलेक्झांडर वॉकर नांवाचा २१ वर्षांचा तरुण अंमलदार होता. हें नांव मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकास नवें नाहीं. १८०२ पासून बडोद्यास गायकवाडांच्या दरबारीं राहिलेला रेसिडेंट आणि १८०७ च्या काठेवाडच्या खंडणीच्या ठरावाचा कर्ता तो हाच वॉकर. त्यानें हिंदुस्थानांत जमविलेल्या हस्तलिखितांचा संग्रह त्याच्या मुलानें १८४५ सालीं ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयास दिला. त्याचे खाजगी कागद एडिंबरा येथें स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत आणि त्यांतच नूटकाच्या सफरीचा त्याचा वृत्तांत होता. तो १९८२ सालीं प्रसिद्ध झाला; लेखकाच्या मृत्यूनंतर दीडशें वर्षांनीं. बडोद्याच्या राजकारणासाठीं ज्या दप्तराकडे वळावें, त्याच दप्तरांत पॅसिफिक महासागराच्या कांठच्या कोळ्यांचें वर्णन निघावें, ही गोष्ट संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

(४)

पुढील दोन साक्षीदार त्या लोकांत प्रत्यक्ष राहिलेले आहेत. ‘बॉस्टन’ या जहाजावरील लोहार जॉन ज्यूइट हा मार्च १८०३ पासून जुलै १८०५ पर्यंत नूटकाचा सरदार मॅक्विना याच्या कैदेंत होता. त्याची रोजनिशी १८०७ सालीं व विस्तृत कथन १८१५ सालीं प्रसिद्ध झालें. दुसऱ्या ग्रंथावर रिचर्ड ऑल्सप या लेखकाचा हात फिरलेला असल्यामुळें पहिल्याची साक्ष अधिक शुद्ध मानली पाहिजे. ज्यूइट धन्यासाठीं लोखंडी गळ व देवमाशाच्या शिकारीचा भाला घडवून देई. म्हणजे गळपेटींतील सरंजाम पालटूं लागल्याचा हा काळ होय.

दुसरा साक्षीदार जेम्स स्वॉन. हा मकाहांच्या वस्तींत शिक्षक होता व त्याचा ग्रंथ स्मिथसोनियन संस्थेनें १८७० सालीं प्रसिद्ध केला. हॅलिबटचा जुना लांकडी गळ कसा करीत तें त्यानें लिहून ठेविलें आहे. हेमलॉक झाडाच्या फांदीच्या बुंध्याशीं असणारें घट्ट लांकूड घेऊन त्याची काडी तासावयाची; ती केल्प नांवाच्या समुद्रवनस्पतीच्या पोकळ देठांत घालून ऊन राखेंत वाफवावयाची; मऊ झाली कीं वांकवून, थंड होईपर्यंत बांधून ठेवावयाची. मग तिला हाडाचा कांटा मुळांच्या तंतूंनीं आवळीत. दोर केल्पच्याच लांब देठांचा असे. तो ओला असतां चिवट व सुकला असतां ठिसूळ. म्हणून वापरण्यापूर्वीं भिजवावा लागे. आमिष बहुधा अष्टपादाचें.

या वर्णनावरून गळपेटीनें काय सांभाळावयाचें तें उमगतें. वाफेनें वांकविलेला गळ इतर सामानाखालीं दडपला जातां कामा नये, हाडाचे कांटे एकमेकांत अडकूं नयेत, सुकलेला दोर पायाखालीं तुडवला जाऊं नये, आणि लाटेचें पाणी आंत शिरूं नये.

(५)

पेटी करण्याची कृति सर्वांत तपशीलवार आढळते ती फ्रान्झ बोआस यानें १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या क्वाकिउटल लोकांविषयींच्या ग्रंथांत. हे लोक नूटकांचे शेजारी व भाषाबंधु होत. ग्रंथांतील मूळ मजकूर जॉर्ज हंट यानें त्या लोकांच्याच भाषेंत लिहून घेतलेला आहे. हंट त्या वस्तींत वाढलेला असल्यामुळें कारागिराच्या तोंडचे शब्द त्यांत उतरले आहेत.

कृति थोडक्यांत अशी. तांबड्या सीडरचें सरळ नसेचें खोड निवडून त्यांतून पाचरी ठोकून फळी काढीत. करवतीचा प्रश्नच नव्हता. वाकसानें फळी सारखी तासून घेत. पेटीच्या चारी बाजू या एकाच फळीच्या. तीन कोपरे जेथें यावयाचे तेथें फळीच्या आंतल्या अंगास आडव्या खांचा पाडीत; खांचेपाशीं लांकूड इतकें पातळ ठेवीत कीं तें वांकेल, पण तुटणार नाहीं. तापविलेल्या दगडांवर ओला पाला पसरून त्यावर फळी ठेवीत व त्या खांचांस वाफ देत. मग भराभर तीन कोपरे वळवावयाचे. चवथा कोपरा दोन टोंकें जुळवून लांकडी खुंट्यांनीं ठोकीत किंवा मुळांच्या तंतूंनीं शिवीत. तळाची फळी कांठ कोरून नेमकी बसवीत. मुशीच्या खरखरीत कातड्यानें घासून अंग गुळगुळीत करीत. खिळा एकही नाहीं. सांधे इतके घट्ट कीं अशाच पेटींत पाणी भरून, तापविलेले दगड टाकून, अन्न शिजवीत.

(६)

घरांतील पेटी चौकोनी व उभ्या बाजूंची. होडींतील गळपेटी तशी नसते. तिच्या बाजू तळाशीं अरुंद व वर रुंद, कित्येकदां एका टोंकाकडे निमुळत्या असतात. नुसत्या पेटीकडे पाहणारास हा कारागिराचा लहरीपणा वाटेल. परंतु ती होडीच्या नाळेजवळ ठेवून पाहिली म्हणजे उलगडा होतो. होडीचें पोट जसें वर पसरत जातें तसेच पेटीचे कांठ पसरतात. त्यामुळें पेटी होडीच्या अंगास चिकटून बसते, लाटेनें सरकत नाहीं, आणि वल्हेकऱ्याच्या पायांत येत नाहीं. झाकण असल्यामुळें शिंतोडे आंत जात नाहींत. सारांश, पेटी होडीच्या मापाची केलेली असते. अशी पेटी होडीवांचून आढळली तरी तिच्या उतारावरून होडीच्या अंगाचा अजमास बांधतां येतो. कागदास जी साक्ष देतां येत नाहीं ती येथें लांकूड देतें.

(७)

एवढें झालें तरी एक शंका उरते. स्वॉन व हंट हे दोघेही युरोपीय संबंधानंतरचे. त्यांनीं वर्णिलेलें कसब कदाचित् लोखंड मुबलक झाल्यावर वाढलें असेल, असा आक्षेप कोणी घेतल्यास त्यास कागदांतून उत्तर नव्हतें. तें जमिनींतून मिळालें.

फ्लॅटरी भूशिराच्या दक्षिणेस ओझेट हें मकाहांचें जुनें गांव. फार पूर्वीं डोंगराचा चिखल एकाएकीं खचून तेथील घरें माणसांसकट गाडलीं गेलीं, अशी कथा मकाहांच्या घराघरांत सांगत असत. १९७० च्या आरंभीं वादळी लाटांनीं किनाऱ्याची दरड फोडली आणि जुनें लांकूडकाम उघडें पडलें. मकाहांच्या संमतीनें वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या रिचर्ड डॉहर्टी यांनीं १९८१ पर्यंत उत्खनन केलें. कुदळीनें नाजुक लांकूड दुखावेल म्हणून नळानें पाणी सोडून चिखल धुतला. ओल्या चिखलांत हवा न लागल्यामुळें जें सहसा कुजून जातें तेंच टिकलें होतें: गळांचे वांकविलेले दांडे, दोर, टोपल्या, पेट्या व पेट्यांच्या फळ्या. नगांची संख्या ५५,००० हून अधिक भरली. हीं घरें युरोपीय जहाजें त्या किनाऱ्यास लागण्यापूर्वींच गाडलीं गेलीं होतीं. वांकविलेल्या फळीचें कसब त्या काळींही पूर्ण वाढलेलें होतें, हें त्यावरून सिद्ध झालें.

तोंडी कथेस येथें पुरावा मिळाला, हा दुसरा लाभ. आपल्याकडे बखरीची साक्ष कागदापुढें हलकी मानण्याची रीत आहे व तिला कारणेंही आहेत. परंतु हलकी मानणें निराळें आणि टाकून देणें निराळें. कथा टाकून दिली असती तर चिखलांतून निघालेल्या त्या फळ्या कोणाच्या व कां गाडल्या गेल्या, हें सांगणारा कोणी राहिला नसता.

उत्खननांतील वस्तु मकाहांच्याच मालकीच्या राहिल्या व १९७९ सालीं नीआ बे येथें त्यांनीं उघडलेल्या संग्रहालयांत त्या आहेत. यामुळें पेटी, तिच्यांतील सरंजाम आणि तिचें नांव जाणणारीं माणसें हीं तिन्ही एका जागीं राहिलीं.

(८)

इतर अनेक ठिकाणीं असें झालें नाहीं. वायव्य किनाऱ्याच्या वस्तु गोळा करणारांनीं सुबक गळ एका संग्रहांत नेला, रंगविलेली पेटी दुसऱ्यांत, आणि साधी, काळवंडलेली गळपेटी बहुधा तेथेंच टाकिली. प्रत्येक वस्तु सुरक्षित आहे; परंतु कोणता गळ कोणत्या पेटींतला, कोणत्या होडीवरचा व कोणाचा, हा संबंध नाहींसा झाला. तो पुन्हां जोडतां येत नाहीं.

आपल्या संग्राहकांस यावरून घेण्यासारखा बोध साधा आहे. दप्तराची पेटी हातीं येईल तेव्हां रुमाल सोडण्यापूर्वीं ती जशी आहे तशी टिपून ठेवावी: लांबीरुंदी, लांकूड, सांधे, कप्पे, आणि कोणत्या कप्प्यांत काय होतें तें. ज्या घरची ती पेटी, त्या घरच्या वृद्ध माणसांस तिच्याविषयीं विचारावें व सांगतील तें त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावें. या कामास अर्धा दिवसही लागत नाहीं. कागदाची नक्कल पुढेंही करतां येते. पेटींतील मांडणी एकदां मोडली म्हणजे तिची नक्कल कोणासच करतां येत नाहीं.